सहा बावन्नची ओहोटी

पिशवीत मी फोटो आणले होते.
लॅमिनेट केलेले, बारा, दर वेळेसारखे,
आणि खार दांड्याच्या वळणावर लक्षात आलं
की आज ते दाखवणार कुणाला.

चौघं कठड्यापाशी उभी होती.
दमयंती सामंत, बँकेच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं.
गोराईचा फ्रेडी डिमेलो, खिशात उकडलेलं अंडं.
इरफाना, एफवायबीए, नवे बूट.
आणि खोतकाका, ज्यांना डाव्या कडेचा उजेड
अजून थोडा कळतो,
पण ते तो कुणाला सांगत नाहीत.

मागून बोंबलाचा वास, पुढून शेवाळाचा.
मधे आम्ही, कोपराला कोपर धरून,
कार्टर रोडच्या काळ्या खडकावर.
काठीचं टोक फटीत अडकलं की सगळी रांग थांबायची.
"इथे कालवं आहेत, कापतात," मी म्हणाले.
"आता समोर बघा—"
आणि जीभ चावली.

"काय झालं गं?"
"बघा म्हणाले."
"मग?" दमयंतीबाई म्हणाल्या,
"चाखून बघ, हुंगून बघ, विचारून बघ,
एकदा हात तर लावून बघ!
आपल्या भाषेत बघितल्याशिवाय
कुठलं काम पुरं होतं?
तू आपली बोल."

मी बोलले. फार बोलले.
जांभळा, करडा, पोपटी, मोरपंखी,
असले शब्द खडकावर ओतत राहिले,
तोवर त्यांनी हात वर केला.
"शू. खालून लाइन खरखरतेय."
खरंच.
फोडणीत मोहरी तडतडावी तसं काहीतरी
खडकाच्या पोटात चाललं होतं.
कोळंबीची एक जात आहे, चिमटा आपटते;
हे मला पाठ होतं, परीक्षेसाठी.
ऐकलं नव्हतं.
सहा वर्षं मी इथे लोकांना आणतेय.

मग डबक्याशी उकिडवं बसून
एकेकाचं बोट मी पाण्यात नेलं.
नख नको, बोटाचं पोट. हळू.
समुद्रफुलाने खोतकाकांचं बोट धरलं.
"अरे, चिकटतंय! याला डोळे असतात?"
"नाही."
"मग मी आलोय हे याला कसं कळलं?"
"हात लावून," मी म्हणाले.
काका बराच वेळ बोट काढेनात.
फ्रेडी म्हणाला, "काका, माझा नंबर,"
तरी काढेनात.

सव्वासातला परत. वर, कठड्यावर.
मी डोकी मोजली, चार.
फ्रेडीने अंडं सोललं, चार तुकडे केले,
पाचवा मला, म्हणजे त्याला उरला नाही.
तेवढ्यात इरफाना किंचाळली.

रिकामा म्हणून उचललेला शंख
कुर्त्याच्या खिशात चालू लागला होता.
आत भाडेकरू होता, पागडीवरचा, इवलासा,
पाय आत ओढून सगळं ऐकत बसलेला.
"चुकून घेतला, खरंच चुकून!"
सकाळी फिरणारे एक गृहस्थ थबकून म्हणाले,
"टाका ना इथूनच, समुद्रच आहे."
कुणी उत्तर दिलं नाही.
चौघंही पुन्हा उतरू लागली.
"पाणी चढतंय," मी ओरडले.
"ते ऐकू येतंय," दमयंतीबाई म्हणाल्या,
"तू पुढे हो."

नव्या बुटांत पाणी शिरलं.
इरफानाने वाकून शंख ठेवला
आणि हात तसाच पाण्यात राहू दिला.
"गेला का?"

मी बघितलं.
फेस होता, गढूळ पाणी होतं,
प्लॅस्टिकचं एक झाकण गरगरत होतं.
मला काहीही दिसलं नाही,
आणि तसं सांगायला तोंड उघडलं,
तर दमयंतीबाई, मान तिरकी करून,
बोर्डावर दोन माणसं जोडून दिल्यासारखं
म्हणाल्या, "गेला."

त्यांनी ऐकलं, की पोरीसाठी ठोकून दिलं,
मी अजून विचारून बघितलेलं नाही.